काळ्या घोड्याच्या पुलावरून विश्वामित्री

मी सांगलीची. पावसाळ्यात आमच्या घरी चहाच्या आधी एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं. बडोद्यात दांडिया बाजारात आत्याकडे उतरले, तर तिथेही तीच भाषा. फक्त फूट मोजतात काळ्या घोड्याच्या पुलापाशी, आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या जागी नाव येतं आजव्याचं. सयाजीराव महाराजांनी शहराला पाणी पाजायला बांधलेला हा तलाव. आत्याच्या नळाला आजही तिथलंच पाणी येतं, आणि पावसाळ्यात छातीत धडकी भरते तीही त्याच्याच पातळीने.

मगरींचंही आम्हाला नवल नाही. भिलवडी-औदुंबरकडे कृष्णेत त्या आहेतच. पण भरवस्तीतून, विद्यापीठ आणि बागेच्या कुशीतून वाहणाऱ्या नदीत इतक्या मगरी? फेब्रुवारी २०२५ च्या गणनेत विश्वामित्रीत ४४२ मोजल्या गेल्या. आत्या म्हणाली होती, "थंडीत ये गं, ऊन खायला वर येतात." म्हणून जानेवारीत गेले.

सकाळी कामाटीबागेशेजारच्या पुलावर कठड्याला टेकून उभी राहिले. पाणी थोडं, काळपट, नाल्याचा उग्र वास. काठच्या झुडपांना पुरात अडकलेल्या प्लॅस्टिकच्या चिंध्या अजून लोंबत होत्या. बराच वेळ काही दिसेना. मग ज्याला मी ओंडका समजत होते, त्याने जबडा उघडला आणि तसाच उघडा ठेवला. अंगावर वाळलेल्या गाळाचे पोपडे, शेपटीवर करवतीसारखे दाते, आणि हातभर अंतरावर निवांत उभा असलेला बगळा. तिच्या मागे काठात एक काळं भोक होतं. आत्तोबा म्हणाले, "ते तिचं बीळ."

त्या बिळाकडे मी कितीतरी वेळ बघत होते. मगरीला नदी म्हणजे नुसतं पाणी नाही. मऊ मातीचा उतरता काठ तिला लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर मादी पाण्यापासून जरा उंचावर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते, पावसाळ्याच्या सुमारास पिल्लं बाहेर येतात. नर की मादी, हे खड्ड्यातल्या उष्णतेवर ठरतं. काठ उभा कापला किंवा दगडाने बांधून काढला, तर हे सगळं व्हायचं कुठे?

दुपारी आतेबहिणीकडे अकोट्याला गेले. तिच्या हॉलच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला तपकिरी रेघ आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी पस्तीस फुटांच्या वर गेली तेव्हाची. दोनदा रंग दिला, तरी रेघ वर येते. त्या दिवसांत सोसायट्यांच्या आवारातून मगरी पकडून न्याव्या लागल्या होत्या. पुढच्या वर्षी नदीतला गाळ उपसायला आणि पात्र रुंद करायला यंत्रं उतरली, तेव्हा हिला हायसं वाटलं. मी काठाबद्दल बोलू लागले, तर ती म्हणाली, "ताई, तुला मगर दिसते. मला भिजलेल्या गाद्या दिसतात."

तिचं खरं आहे. २०१९ च्या पुरात सांगलीला आमच्याही गाद्या भिजल्या होत्या.

पण नदी अरुंद कशाने झाली, हेही बोलायला हवं. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते, सपाट प्रदेशात वळणं घेत शहर ओलांडते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंबातच्या आखाताकडे जाते. या वळणांना दोन्ही अंगांनी कोतरं आहेत, मातीच्या खोल घळी. पूर आला की पाणी आधी त्यांत शिरतं, तिथे थबकतं, मग हळूहळू ओसरतं. वर्षानुवर्षं त्यांत राडारोडा पडला, भराव झाले, त्यावर घरं उठली. पाण्याने जायचं कुठे? नदीकाठ सुशोभित करायचा प्रकल्प हरित लवादाने २०१६ मध्ये थांबवला होता, आणि २०२१ मध्ये त्याच लवादाने पूरक्षेत्राच्या खुणा करून ते जपायला सांगितलं. माझ्या मते तेच आधी व्हायला हवं होतं, खोदाई नंतर.

संध्याकाळी आम्ही दोन काठ पाहिले. एक नवा तासलेला. उघड्या मातीवर पावसाने बोटबोट खोल चऱ्या पाडल्या होत्या आणि खाली पायथ्याशी गाळ पुन्हा साचला होता. जो गाळ उपसला तोच काठावरून परत नदीत. दुसरा, थोडं पुढे, कोणाचा हात न लागलेला: गवत, बोरी-बाभळी, मुळांनी घट्ट धरलेली माती. त्याच पावसात तो जागचा हलला नव्हता. बहीण वाकून ती मुळं बघत होती. म्हणाली, "हे असंच ठेवून कोतरं तेवढी मोकळी केली, तर माझ्या घरात पाणी कमी येईल?"

"कमी येईल," आत्तोबा म्हणाले. "पण भराव काढायचा, तर वरची घरंही हलवावी लागतील. त्यांना जागा कोण देणार?"

परतताना पुलाचा फोटो काढून बाबांना सांगलीला पाठवला. लगेच उत्तर आलं, "किती फूट आहे आता?"