एकटीला उचलता येईल ती गाडी

रविवार, रात्री

पाठ भरून आलीय, पण तीन महिने रेंगाळलेला नव्या मोटरसायकलचा निर्णय आज झाला.

सकाळी मैत्रीण आणि मी मुलुंडहून कर्जतमार्गे खांडसला गेलो. भीमाशंकरच्या पायथ्याचं गाव. डांबर संपल्यावर तांबड्या मातीची वाट, दोन्हीकडे भातखाचरं, त्यात परवापासूनचा पाऊस. तिची मोठी गाडी, हिमालयन 450, माझ्या हातात होती, माझ्या जुन्या गाडीवर ती बरीच मागे. एका वळणावर बैलगाडीच्या चाकोरीत पुढचं चाक घसरलं आणि गाडी डावीकडे आडवी झाली. वेग नव्हताच, मला लागलं नाही.

इंजिन बंद केलं, गाडी गिअरमध्ये आहे ना बघितलं, हँडल पूर्ण वळवलं. गाडीकडे पाठ करून सीटला टेकले, एका हातात ग्रिप, दुसऱ्या हातात मागचं कॅरिअर, आणि पायांनी मागे रेटायला लागले. रीत बरोबर होती, पण वजन जवळपास दोनशे किलो. बुटाखालचा चिखल निसटायचा, गाडी वीतभर उठायची आणि परत बसायची. तिसऱ्या वेळी मांड्या थरथरायला लागल्या. खाचरातून एक आजोबा आले. त्यांनी माझ्या टाचांखाली दोन चपटे दगड सरकवले, ‘आता रेट पोरी’ म्हणाले आणि स्वतः हात लावला.

इतके दिवस मी हिमालयन 450 आणि तिच्याहून लहान एक्सपल्स 200 4व्ही या दोन मोटरसायकलींत अडकले होते. पुढचं चाक दोन्हींचं 21 इंची, दगडधोंड्यांत तेच लागतं. सीटची उंची दोन्हीकडे 825 मिलीमीटरपासून, म्हणजे माझ्या पाच फूट तीन इंचांना दोन्हीकडे चवडेच टेकतात. एक्सपल्सची प्रो ही उंच आवृत्ती घेतली तर सीट 891 वर जाते, तो विषय तिथेच संपला. ताकदीत मात्र बरोबरीच नाही. हिमालयन 40 अश्वशक्तीची, एक्सपल्स जेमतेम 19. नाशिक रस्त्यावर नव्वदच्या वेगात ट्रक मागे टाकायचा तर छोट्या इंजिनात फारसं काही शिल्लक नसतं. ती उणीव मला जाणवणार आहे, आणि हे मी मनाशी मान्य करूनच ठरवलंय.

पण मुंबईकराला ती ताकद वापरायला मिळते कुठे? एक्सप्रेसवे, अटल सेतू, सी लिंक, कोस्टल रोड, सगळीकडे दुचाकीला बंदी. पुण्याला जायचं तर जुन्या रस्त्यानं खंडाळा घाट चढायचा. आठवड्याचे पाच दिवस तर मी पवईच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर असते. तिथे हिमालयनचे 196 किलो आणि एक्सपल्सचे साधारण 160 किलो यांतला फरक मनगटाला कळतो.

आणि खरं कारण वेगळंच आहे. मैत्रिणीची नागपूरला बदली झालीय. पुढच्या महिन्यापासून चिखलात मी एकटीच असणार, आणि दर वळणावर आजोबा भेटणार नाहीत.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या मुलाची एक्सपल्स मागून घेतली. बिल्डिंगच्या आवारात जुनी गादी टाकून तिच्यावर गाडी हळूच आडवी केली. पाठ लावली, रेटलं. पहिल्यांदा अर्ध्यावर आली. दुसऱ्यांदा उभी राहिली. परत आडवी केली, परत उचलली.

बाबा गॅलरीतून बघत होते. ‘ठरलं का गं?’

‘ठरलं, बाबा.’