माळवदाला स्लॅब म्हणणारी नोटीस

नोटीस दाराच्या कडीत खोचून माणूस निघून गेला होता. आईने चष्मा लावून आकडा तेवढा वाचला आणि मला फोन केला. "घरपट्टी आठ हजार सातशे आलीय. दुसऱ्या कुणाची आपल्या दारात टाकली का बघ बाई."

दुसऱ्याची नव्हती. नाव वडिलांचं, घर क्रमांक आमचाच. मागच्या वर्षीची पावती 2,130 रुपयांची, आणि नवी मागणी 8,740. ही गोष्ट डिसेंबर 2023 मधली. आमचं गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं, 'क' वर्ग नगरपरिषदेचं. मी इथेच शाळेत शिकवते. सासरही गावातच, त्यामुळे भाऊ पुण्यात आणि आईची कागदपत्रं माझ्याकडे अशी वाटणी आपोआप झालेली आहे.

त्या आठवड्यात गावात दुसरा विषय नव्हता. कायद्याप्रमाणे घरपट्टीची आकारणी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते, तिला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. आमच्याकडे आधीची होऊन दहा वर्षं उलटली होती. मग एकदम एका खाजगी एजन्सीला काम दिलं, टॅबवाली पोरं गल्लोगल्ली फिरली आणि दिवाळीनंतर नोटिसा सुटल्या. कुणाची दुप्पट, कुणाची चौपट. बाजारपेठ अर्धा दिवस बंद राहिली, मोर्चाही निघाला.

मी आधी गेले आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांकडे. सवयीने गेले, खरं तर. 2016 च्या शेवटी निवडून आलेल्या मंडळाची मुदत केव्हाच संपली होती, निवडणुका ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात अडकल्या होत्या आणि मुख्याधिकारीच प्रशासक होते. नगरसेवक दारातच हसले. "ताई, आम्ही आता माजी. आम्हाला आत गेलं तर चहासुद्धा कोणी विचारत नाही. तुम्ही हरकत टाका, मी पण टाकलीय."

हरकतीचा छापील फॉर्म झेरॉक्सच्या दुकानात पाच रुपयांना मिळत होता. त्यात मजकूर आधीच तयार: सदर कर अन्यायकारक असून कमी करण्यात यावा. खाली सही करायची जागा. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे गठ्ठेच्या गठ्ठे गेले होते. मीही एक घेतला, घरी आणला आणि टेबलावर ठेवून पाहत बसले. कर अन्यायकारक का, हे त्यात कुठेच नव्हतं. सातवीच्या पोराने गणितात नुसतं 'उत्तर चूक आहे' लिहिलं तर मी त्याला मार्क देत नाही.

म्हणून नोटीस पुन्हा नीट वाचली. ही नगरपरिषद कायद्याच्या कलम 119 ची विशेष नोटीस असते. तिच्यात बारीक अक्षरात क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर आणि दर असतो, आणि लोक फक्त शेवटचा आकडा बघतात. आमच्या नोटिशीत एकूण क्षेत्र 103.7 चौरस मीटर होतं. त्यातलं 81.7 'आरसीसी निवासी', म्हणजे सिमेंट-लोखंडाच्या स्लॅबचं राहतं घर, महिना 18 रुपये चौरस मीटरला. उरलेलं 22 'आरसीसी वाणिज्य', दर 40 रुपये. यावरून वर्षाचं भाडं काढायचं, म्हणजे तुमचं घर भाड्याने दिलं असतं तर किती आलं असतं ते. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा केले की करयोग्य मूल्य. त्यावर मग सगळे कर. घर कोणी भाड्याने घेतंय की नाही याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही.

आईला वाचून दाखवलं तर ती आधी गप्प झाली, मग वर बघून म्हणाली, "माळवदाला स्लॅप म्हणतेत व्हय? पावसाळ्यात या म्हणावं, बादल्या मांडायला."

ज्यांनी माळवद पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर काठ्यांचा दाट थर आणि त्यावर पांढरी माती. दर वर्षी मृगाच्या आधी वर नवी माती टाकून चोपायची, नाहीतर घर गळतं. खालून रस्त्यावरून पाहिलं तर छप्पर सपाट दिसतं, एवढं मात्र खरं. त्या पोराने रस्त्यावरूनच पाहिलं असणार.

आणि 'वाणिज्य' म्हणजे पुढची खोली. तिथे वडिलांची पिठाची गिरणी होती. 2014 मध्ये त्यांनी ती बंद केली, 2019 मध्ये ते गेले. जातं विकलं, मोटर विकली, आता तिथे आईचे ज्वारीचे डबे आणि एक मोडका पाळणा आहे. पण दर्शनी भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं 'पिठाची गिरणी' अजून तसंच आहे. आई ते पुसू देत नाही.

रविवारी मी शाळेतला तीस मीटरचा टेप आणला. भाच्याने एक टोक धरलं. बाहेरून लांबी 12.2, रुंदी 8.5, गुणाकार बरोबर 103.7. म्हणजे मापात चूक नव्हती, पण मधला चौक त्यात धरला होता. उघडा चौक, वर आभाळ, मध्ये तुळस. 3.6 गुणिले 3, म्हणजे 10.8 चौरस मीटर आभाळावर आम्ही घरपट्टी भरणार होतो.

नगरपरिषदेत जाऊन म्हटलं, आमच्या घराचा मोजणी तक्ता दाखवा. कर विभागातले लिपिक अगदी सौजन्याने म्हणाले, "मॅडम, ते एजन्सीकडं आहे." एजन्सी कुठे आहे? "ते काम संपवून गेले." इथे पहिल्यांदा मला राग आला. मी तिथूनच माहिती अधिकाराचा अर्ज केला. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच, दीडशे शब्दांच्या आत. पण यात एक मेख आहे, ती सांगायलाच हवी. माहिती द्यायला त्यांना तीस दिवस असतात आणि हरकत घ्यायलाही नोटिशीवर तीसच दिवस दिलेले. माहितीची वाट पाहत बसलात तर हरकतीची मुदत संपते. म्हणून दोन्ही अर्ज मी एकाच दिवशी दिले आणि हरकतीत लिहिलं की मोजणी तक्ता मागूनही मिळालेला नाही, मिळाल्यावर पुरवणी म्हणणं देईन.

हरकत आईच्या सहीने केली. काउंटरवरचे म्हणाले, मालकाचीच सही लागते. मालक नाहीत, मृत्यूचा दाखला जोडलाय, पत्नी राहते, कर तीच भरते, असं मी सांगितलं. ते आत विचारून आले आणि घेतलं. (वारसनोंद आम्ही पाच वर्षं टाळली होती. तो आमचाच आळस, त्याचं खापर कुणावर फोडत नाही.) अर्जात तीनच मुद्दे लिहिले: बांधकाम आरसीसी नाही, गिरणी बंद आहे, चौक वगळा. सोबत आतल्या छताचे फोटो, जुनी पावती, असेसमेंटचा (नगरपरिषदेच्या कर-नोंदीचा) उतारा आणि गिरणीचं वीज कनेक्शन कायमचं बंद झाल्याचा महावितरणचा कागद. याला आमच्याकडे सगळे 'पीडी झालं' म्हणतात. वडिलांनी तो लाइट बिलांच्या वायरीत अडकवून ठेवला होता. बंद दुकानाच्या, बंद गिरणीच्या बाबतीत असा कागद सोन्यासारखा, कारण 'बंद आहे' असं तोंडी प्रत्येकजण म्हणतो.

दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि क्रमांक मागितला तर लिपिक म्हणाले, "राहू द्या की, नोंद झालीय." मी उभीच राहिले. मागे रांग वाढायला लागली तेव्हा शिक्का मिळाला.

माहिती सत्ताविसाव्या दिवशी आली. तीन पानं, दोन रुपयांप्रमाणे सहा रुपये. पहिल्या पानावर घराचा नकाशा म्हणून एक आयत, चौकाचा पत्ता नाही. दुसऱ्यावर फोटो, भिंतीवरची निळी अक्षरं ठळक. तिसऱ्यावर 'भोगवटादाराची सही' या रकान्यात लिहिलेलं: सही करण्यास नकार.

आई हे वाचून जेवढी चिडली तेवढी आठ हजारांवर चिडली नव्हती. "त्या लेकराला मी पाणी दिलं, गूळ दिला. सही मागितली असती तर दिली नसती व्हय?"

सुनावणी फेब्रुवारीत, नगरपरिषदेच्या सभागृहात. अकराची वेळ दिली होती, नंबर तीनला लागला. समोरच्या भिंतीवर माजी नगराध्यक्षांच्या नावांचा लाकडी फलक, त्यात शेवटच्या नावापुढे 'पर्यंत'चा रकाना भरलेला आणि खालच्या ओळी कोऱ्या. त्याच्याकडे बघत आम्ही चार तास काढले. नगररचना विभागाचे अधिकारी सुनावणी घेत होते. माझ्या पुढच्या बहुतेकांच्या हातात तोच पाच रुपयांचा फॉर्म. अधिकारी विचारायचे, "नेमकं काय चुकलंय?" समोरचा म्हणायचा, "साहेब, लई वाढवलंय." आणि पुढचा नंबर. मला त्या माणसांचं वाईट वाटत होतं. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरात नक्की काहीतरी चुकीचं मोजलं असणार, पण ते सांगायची भाषा त्यांच्या हातात कुणी दिलीच नव्हती. मोर्चा काढणाऱ्या कृती समितीने त्याबरोबर एक दिवस टेप वाटले असते तर जास्त काम झालं असतं.

आमचा नंबर लागला. अधिकारी बाहेरच्या भागातले असावेत, त्यांनी विचारलं, "माळवद म्हणजे नक्की काय?" मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. आई मध्येच म्हणाली, "साहेब, उजेडाला वर भोक ठेवलंय, त्यातून मांजर येते. स्लॅपातून येते का मांजर?" ते हसले आणि कागदावर लिहिलं: फेरमोजणी करावी. सगळं मिळून चार मिनिटं.

पंधरा दिवसांनी कर निरीक्षक आणि एक शिपाई आले, लेझरचं यंत्र घेऊन. चौक वगळला. माळवद पाहिलं. पुढच्या खोलीत डबे पाहिले. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात निरीक्षकांची नजर जिन्याकडे गेली.

वरची पत्र्याची खोली. भावाच्या लग्नाच्या वेळी बांधलेली, 15.8 चौरस मीटर. ती ना जुन्या उताऱ्यात होती, ना एजन्सीच्या तक्त्यात. आणि खरं सांगायचं तर माझ्या हरकतीतही नव्हती. टेप घेऊन मी अख्खं घर मोजलं तेव्हा जिना चढले नव्हते, आणि तो विसर नव्हता. "मॅडम, ही खोली कुठंच दिसत नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "हो. घ्या लिहून." आई माझ्याकडे अशी बघत होती की मी तिचे दागिने काढून दिलेत. ते गेल्यावर दोन दिवस तिने मला फोन केला नाही.

निर्णय मे महिन्यात आला. खाली 92.9 चौरस मीटर, दगडमाती, निवासी, दर 8 रुपये. वर 15.8, पत्रा, दर 10. वाणिज्य शून्य, त्यामुळे रोजगार हमी करही गेला, तो बिगरनिवासीलाच असतो. एकूण बिल 2,970. वरच्या खोलीने पाचशेच्या वर वाढवले, पण 8,740 वरून इथे आलो होतो. निर्णय पटला नसता तर कलम 169 प्रमाणे अपील समितीकडे जायची वाट होती, ती वेळ आली नाही. शेजारच्या गल्लीतले एक काका मात्र तेव्हा रागाने बिलच भरत नव्हते. त्यांना मी दोनदा सांगून आले की थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, निषेधाचा अर्ज द्या पण पैसे भरा. ते म्हणाले, निवडणूक येऊ दे.

बिल भरायला आईला घेऊन गेले. आता वारसनोंदही झालीय, पावतीवर तिचं नाव होतं. आयुष्यात पहिल्यांदा घराच्या कागदावर तिचं नाव छापून आलं होतं, म्हणून तिने पावती तिथेच काउंटरपाशी उभं राहून सगळी वाचली. वापर: निवासी. बांधकाम: दगडमाती. आणि पत्ता: पिठाच्या गिरणीजवळ.

मी लिपिकाकडे वळले, तर तिने माझा दंड धरला. "राहू दे. पोस्टमनला घर सापडतंय त्याच्यानं."