छत एकाच कागदातून हवं होतं

मॉडेलच्या कामात छत सहसा सगळ्यात शेवटी येतं. आतलं फर्निचर दिसावं म्हणून उचलून बाजूला ठेवायचं झाकण, एवढीच त्याची किंमत. त्या जुलैत आलेल्या कामात मात्र छत हेच काम होतं. सांगलीकडच्या एका शिक्षणसंस्थेचं सभागृह, १:५० चं मॉडेल, आणि वर घड्याघड्यांची कमान. आर्किटेक्ट मॅडमची अट अशी, की छत अखंड कागदातून दुमडलेलं हवं. ट्रस्टींसमोर सपाट कागद ठेवायचा आणि दोन्ही कडा धरून त्याची कमान करून दाखवायची. तुकडे चिकटवून चालणार नव्हतं.

फाइल उघडली तर नक्षी ओळखीची निघाली. कोर्यो मिउरा या जपानी अवकाश-अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी घडी. १९९५ मध्ये जपानने सोडलेल्या ‘स्पेस फ्लायर युनिट’ या यानावर सौरपटल याच पद्धतीने मिटून नेलं होतं. वर उठणारी घडी म्हणजे डोंगर, आत जाणारी म्हणजे दरी. हिच्यात सरळ रेघांवर आळीपाळीने डोंगर आणि दरी येते. नागमोडी रेघा मात्र अख्ख्या डोंगर नाहीतर अख्ख्या दरी. मूळ नक्षी कितीही मिटली तरी एकंदरीत सपाटच राहते. पण डोंगराच्या नागमोडीला एक कोन आणि दरीच्या नागमोडीला दुसरा दिला, की ती वळायला लागते आणि कमान तयार होते. मॅडमनी हे बरोबर साधलं होतं.

घोळ होता तो शेवटच्या दोन खणांत. प्लॉटची एक बाजू तिरकी, त्यामुळे सभागृहाची मागची भिंतही तिरकी. छत त्या भिंतीला नीट भिडावं म्हणून कोणीतरी कॉम्प्युटरवर तिथले बिंदू ओढून ओढून जुळवले होते. पडद्यावर सुरेख दिसत होतं. मी कोन मोजायला बसलो. सपाट कागदावर कुठल्याही बिंदूभोवतीच्या कोनांची बेरीज ३६० अंश येणारच, आणि दुमडल्याने घड्यांमधल्या सपाट पट्ट्यांचे कोन बदलत नाहीत. इथे एका बिंदूवर ३५४ येत होती, त्याच्या शेजारी ३६३. म्हणजे एकीकडे सहा अंशांची पाचर कापून टाकायची आणि दुसरीकडे तीन अंशांचा कागद आणायचा कुठून?

फोन केला. मॅडम म्हणाल्या, “अहो, पाच-सहा अंशांनी काय होतं? कागद घेईल सामावून.”

कागद सामावून घेतोच. पट्टी किंचित पीळ खाते, कोपऱ्यात चुरगळते आणि आपण चिकटपट्टी लावतो. बसवून टाकलेल्या छताला ते चाललं असतं. हलत्या छताला नाही, कारण या नक्षीत एक घडी किती दुमडायची ते ठरलं की बाकीच्या सगळ्या आपोआप ठरतात. एक खण अडला तर अख्खं छत अडतं. मी सुचवलं, की नक्षीला हात लावू नका, तशीच नियमित भिंतीच्या पलीकडे जाऊ द्या आणि भिंतीच्या रेघेवर कागद तिरका कापा. त्यांना ते पटेना; कड दातेरी दिसेल म्हणाल्या. दिसणारच होती. पॅरिसच्या युनेस्को कार्यालयातल्या सभागृहाचा फोटो मी त्यांना पाठवला. १९५८ चं बांधकाम, घड्यांच्या काँक्रीटचं, आणि टोकाच्या भिंतीवरही घड्या अजिबात न लपवलेल्या. तासाभराने उत्तर आलं, “कापा.”

पुढचं काम हातचं. लेझरने रेघा मारल्या असत्या तर कड तपकिरी झाली असती, आणि छत पांढरंशुभ्र हवं होतं. म्हणून सुकलेली रिफिल आणि स्टीलची पट्टी. डोंगराच्या रेघा कागदाच्या पुढून दाबायच्या, दरीच्या मागून. त्यासाठी शीट उलटवावं लागतं, म्हणून आधी कोपऱ्यांत टाचणीने भोकं पाडून खुणा जुळवून घेतल्या. दोन्ही बाजू एकाच बैठकीत उरकायच्या, कारण जुलैच्या हवेत कागद रात्रीतून फुगतो, तोही ग्रेनच्या, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या, आडव्या दिशेने जास्त, आणि मग खुणा जुळत नाहीत. चार घड्या भेटतात तिथे बारीक पंचने भोक पाडलं, नाहीतर तिथूनच फाटायला सुरुवात होते. घड्या एकेक करून घालता येत नाहीत. आधी सगळ्या रेघा थोड्या थोड्या मोडून घ्यायच्या आणि मग दोघांनी चार हातांनी एकदम गोळा करायचं. ते जमतं त्या क्षणी आमचा पोरगा दर वेळी “आलं, आलं!” म्हणून ओरडतो.

ट्रस्टींच्या बैठकीला मला मुद्दाम बोलावलं होतं. मॅडमनी कडा आत ढकलल्या, कागद उठला, कमान झाली आणि ॲक्रिलिकच्या खाचांत जाऊन बसली. टाळ्या पडल्या. टोपी घातलेले एक ट्रस्टी तेवढे खुर्चीवरून उठून वाकून बघत राहिले. त्यांनी माथ्याजवळच्या दरीवरून बोट फिरवलं.

“ह्या खाचंत पडल्यालं पाणी जातंय कुठं?”

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. प्रश्न बिनतोड होता. या कमानीत दऱ्या छताच्या लांबीच्या दिशेने धावतात. बाजूंना उतार तीव्र असल्याने निभावून जाईल. माथ्याजवळ मात्र दोन्ही अंगांना डोंगर, आणि लांबीच्या दिशेने उतार शून्य. पाणी साचणार. कागदाच्या मॉडेलवर कोणी पाणी ओतत नाही, म्हणून आम्हा कोणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं.

माझ्या पेटीत माउंट बोर्डाचे तुकडे होते. तिरक्या भिंतीच्या विरुद्ध बाजूला पायाखाली ते एकावर एक सरकवले. अख्खी कमान जशीच्या तशी तिरक्या भिंतीकडे कलली, एकही घडी न बदलता, आणि दातेरी कडेची प्रत्येक दरी भिंतीबाहेर उघडी पडली.

“आता हितं पन्हळ लावा,” ट्रस्टी म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

मॅडमनी तिथेच वहीत उताराचं गणित मांडायला घेतलं. छत तेच राहिलं. उतरत्या भिंतींचा नवा पाया करून द्यायची ऑर्डर मला जिन्यातच मिळाली.