मामाचं दुकान आणि चटणीची वही

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझ्या मामाचं किराणा दुकान आहे. दहा बाय पंधराचा गाळा, दारात गुळाचा रवा म्हणजे ढेप, आत डाळी-तांदळाची पोती आणि वर शॅम्पूच्या पुड्यांच्या माळा. आजोबांनी सुरू केलेलं, मामा शाळेत असल्यापासून गल्ल्यावर बसतोय. दोन वर्षांपूर्वी गाडीवर दहा मिनिटांच्या अंतरावर एक मोठा मार्ट झाला आणि पहिल्या दिवाळीतच कळलं काय होणार ते, म्हणजे फराळाच्या सामानाला जी झुंबड असायची ना, रात्री अकराला अर्धं शटर ओढून सामान बांधत बसायला लागायचं, ती निम्म्यावर आली. मामा काय बोलला नाही. मामी म्हणाली, रात्री झोप लागेना झालीय त्यांना.

मग मी सुट्टीच्या दिवशी दुकानात जाऊन बसायला लागले.

पहिल्यांदा बिलं काढली. कपड्यांच्या पावडरचा किलोचा पुडा मामाला एजन्सीकडून ज्या भावात पडतो त्याच्यापेक्षा स्वस्त तो मार्टात गिऱ्हाइकाला मिळत होता! मी दोनदा बिल बघितलं, चूक नव्हती. पॅकबंद मालावर छोट्या दुकानदाराला साधारण 8 ते 10 टक्के सुटतात, त्यातनंच लाईट बिल, कामाच्या पोराचा पगार, उंदरांनी फोडलेले पुडे सगळं. मार्टवाले कंपनीकडनंच ट्रकच्या ट्रक उचलतात, मधली एजन्सी नाही, त्यामुळं एखादी वस्तू तोट्यात विकली तरी बाकीच्या शंभर वस्तूंवर ते भरून काढतात. मामा तीन महिने त्यांच्या भावाला भाव लावून विकत होता. म्हणजे घरचे पैसे घालून विकत होता.

मी म्हटलं, "मामा, साबण-पावडरवर भांडायचं सोड. गल्लीतल्यांना अडीनडीला लागतंय तेवढंच ठेव."

"आणि मग विकायचं काय पोरी?"

उत्तर दुकानातच होतं, पोत्यांत. सुट्टा माल. आपल्या कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, शाहूपुरीची पेठ तर शाहू महाराजांनी 1895 ला व्यापारासाठीच वसवली आणि ती गुळावर मोठी झाली, आणि त्याच गावात लोक प्लास्टिकच्या डब्यातला कुठला कुठला गूळ उचलून आणतात हे मला खरंच सहन होत नाही. मामा करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरनं स्वतः रवे आणतो. गिऱ्हाइकासमोर फोडतो, खडा हातावर ठेवतो, खाऊन बघा म्हणतो. आम्ही अर्धा किलोचे तुकडे करून ठेवायला लागलो कारण आता दोन माणसांच्या घरात पाच किलोची ढेप कोण नेणार. तसाच आजरा घनसाळ तांदूळ, आजऱ्याच्या शेतकऱ्याकडनं थेट आणलेला. शिजताना वास शेजारच्या घरात जातो.

पण खरी गोष्ट चटणीची आहे.

कोल्हापुरात चटणी म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला लागतं, वर्षाचं कांदा-लसूण तिखट. मार्च ते मे गच्चीगच्चीवर मिरच्या वाळत असतात, रंगाला ब्याडगी, तिखटपणाला जवारी संकेश्वरी, आणि मसाला घ्यायला बायका दुकानात येतात. किलो मिरचीला धने किती, खोबरं किती, तीळ किती हे घराघरात वेगळं असतं. कुणाला दगडफूल जास्त लागतं, कुणाच्यात नागकेशर घालतच नाहीत, कुणाला मेथी चार दाण्यांच्या वर चालत नाही. मामाकडं एक वही आहे, लाल कापडी बांधणीची, तेलकट झालेली, तिच्यात तीस-पस्तीस वर्षांची घरं लिहिलेली आहेत. वर आडनाव, खाली वजनं. सासू गेली की सून येते आणि म्हणते मामा आमच्या आत्यांचं माप काढा, की हा पान उलटतो आणि वर न बघता तोलायला लागतो. लवंग तोलताना काटा स्थिर होईपर्यंत बोट वर धरून थांबतो, बघत राहावं असं.

मी त्या वहीचे फोटो काढून सगळी मापं मोबाईलवर घेतली. मार्चच्या सुरवातीला व्हॉट्सअ‍ॅपवर एकेका घराला मेसेज, तुमचं माप आमच्याकडं आहे, किती किलो मिरचीचं बांधू? मसाला निवडून, वेगवेगळ्या पुड्या करून वर नाव घालून ठेवायचा, सांगितलं तर डंकावर, म्हणजे कांडपाच्या गिरणीत नेऊन कांडूनही आणायचा. पहिल्या आठवड्यातच पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलींचे फोन आले, आईचं माप आहे का म्हणून. त्या सीझनला मामीला मदतीला गल्लीतल्या दोघी बायका लावायला लागल्या, दिवसभर धने निवडायला.

आता उधारीचं. हे लिहायला अवघड जातंय कारण माणसं आपलीच आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, हायवे बंद, शहरात गाड्याच येईनात, तेव्हा मामानं एकाला पोतं न देता प्रत्येक घराला दोन-दोन किलो तांदूळ मोजून दिला, भाव तोच, पैसे नंतर. त्यातली कितीतरी घरं आता महिन्याचं सामान मार्टातनं रोख आणतात आणि पंचवीस तारखेनंतर साखर-चहापत्तीला मामाकडं येतात, वहीत लिहा म्हणून. मामा नाही म्हणत नाही. पण एजन्सीवाला मामाला आठ दिवसांच्या वर थांबत नाही, एक हप्ता चुकला की पुढचा माल बंद. छोटं दुकान बहुतेक वेळा विक्री कमी झाली म्हणून नाही, पैसे बाहेर अडकले म्हणून बसतं, हे मी उधारीच्या वह्या बघून सांगते. आता आम्ही पाच तारखेला सगळ्यांना हिशेब पाठवतो, खाली क्यूआर. मामाला लई संकोच वाटला होता, लोक काय म्हणतील. निम्म्याहून जास्त लोकांनी त्याच दिवशी भरले, एका काकूंनी तर उलट विचारलं, आधी का नाही पाठवलात हो, आमच्या लक्षातच राहत नाही.

मार्टात जाऊ नका असं मी म्हणणार नाही, मीही जाते कधीतरी, महिन्याचं बजेट सगळ्यांनाच आहे. पावडर, डायपर, मोठे पॅक तिथनं आणा. डाळ, गूळ, तांदूळ, मसाला तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातनं घ्या, खडा चाखून, डाळ हातात घेऊन बघून. आणि जिथं उधारी असेल तिथली आधी द्या.

दुकान अजून पूर्वीसारखं झालेलं नाही, दिवाळीची गर्दी परत येईल असंही वाटत नाही. पण गेल्या दोन महिन्यांत एजन्सीचा एकही हप्ता चुकलेला नाही आणि मामा दुपारी तासभर घरी जाऊन झोपतो. चटणीच्या वहीची शेवटची चार पानं उरलीत. मामा म्हणतोय नवीन पण तशीच लाल कापडाचीच पाहिजे, महाद्वार रोडला बघून ये.