पुण्यातली हॉस्टेलची वर्षं आणि रविवारची मिस्सा : माझा अनुभव

बारावीनंतर पुण्यात इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा घरात चर्चा झाली ती फीची, हॉस्टेलची आणि मेसच्या जेवणाची. रविवारच्या मिस्सेचा, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेचा, विषय कुणी काढलाच नाही. आम्ही वसईच्या बागायती पट्ट्यातले कॅथोलिक. आमच्याकडे रविवार म्हणजे मिस्सा हे इतकं ठरलेलं, की ती जमवायची कशी हा प्रश्नच कुणाला पडत नाही. सकाळी चर्चची घंटा ऐकू येते, शेजारच्या काकू हाक मारतात, आई आवरून दारात उभी असते. संध्याकाळी घरात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते, मे महिन्यात वाडीतल्या क्रुसापाशी सगळे जमतात. मी धर्मशिक्षणाचे वर्ग केले, दृढीकरण हा श्रद्धा पक्की करणारा संस्कार झाला, क्वायरमध्ये (चर्चच्या गायनवृंदात) गायले. सगळं मनापासून केलं. पण त्याचा अर्ध्याहून जास्त भार गावाने उचलला होता, हे पुण्याला गेल्यावर कळलं.

आता गावातल्या मुली पुणे, नाशिक, नागपूरला शिकायला निघाल्या की विचारतात, "ताई, तू कसं जमवलंस?" म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात अगदी साध्या अडचणीने झाली. हॉस्टेलपासून सगळ्यात जवळचं चर्च बसने पाऊण तासावर, आणि रविवारी सकाळी बस कधी येईल याचा भरवसा नाही. त्यात रविवारीच जादा लेक्चर, नाहीतर प्रोजेक्टची मीटिंग. पहिल्याच आठवड्यात मी त्या चर्चच्या ऑफिसला फोन करून मिस्सांच्या वेळा विचारून घेतल्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या. तेव्हा कळलं, शनिवारी संध्याकाळीही मिस्सा असते आणि ती रविवारची म्हणून चालते. गावात मला याची कधी गरजच पडली नव्हती. ज्या आठवड्यात रविवार अडकलेला असे, त्या आठवड्यात शनिवारी लॅब सुटली की थेट बस पकडायची. मैत्रिणींना सांगून टाकलं की हे अडीच-तीन तास माझे नाहीत. पहिल्या महिन्यात त्या आग्रह करायच्या, पुढे पुढे सिनेमाची वेळ ठरवताना त्याच म्हणायच्या, "थांबा, हिचं चर्च आहे."

मिस्सा इंग्रजीत होती. मी लहानपणापासून मिस्सेतल्या प्रार्थनांची सगळी उत्तरं मराठीत दिलेली, गाणी मराठीत गायलेली. पहिले काही रविवार मी नुसती उभी राहायचे, आजूबाजूला तमिळ, मल्याळी, गोवेकर मंडळी, ओळखीचं कुणी नाही. मिस्सा संपली की लोक आपापल्या गाड्यांकडे जात आणि मी बसस्टॉपकडे. तो एकटेपणा मला फार लागला. शेवटी एका रविवारी मीच क्वायरच्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, "मला गाता येतं, येऊ का?" त्यांनी हातात गाण्याची वही ठेवली. त्या दिवसापासून मी त्या चर्चमध्ये पाहुणी राहिले नाही. नव्या मुलींना मी हेच पहिलं सांगते: मागच्या बाकावर बसून कुणी विचारेल याची वाट बघू नका. वाचन करा, गा, खुर्च्या मांडा, काहीही करा. पण तुम्ही एखाद्या रविवारी आला नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे.

एका सीनियरबरोबर मी नाना पेठेतल्या सिटी चर्चलाही गेले. 1792 साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर ते उभं राहिलं. पेशव्यांच्या फौजेत कॅथोलिक सैनिक होते, त्यांच्यासाठी. हे ऐकून मला किती बरं वाटलं! कारण तोवर वर्गात दोन-तीनदा तरी "तू ख्रिश्चन असून मराठी इतकी छान कशी बोलतेस?" हे विचारून झालं होतं.

प्रश्न विचारणारे वाईट नसतात. माझ्या रूममेट्स तर जीव लावणाऱ्या होत्या. पण त्यांनी विचारलं की उत्तर द्यावं लागे, आणि माझ्याकडे उत्तरं नव्हती. "तुम्ही लोक धर्मांतरित ना?" एकाने कँटीनमध्ये सरळ विचारलं. मी त्या रात्री वसईचा इतिहास वाचायला घेतला. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर ते गेले. आमच्या वाड्यांतल्या लोकांच्या डोक्यावर त्यानंतर कुठलंही कॅथोलिक राज्य नव्हतं, तरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी घराघरांत रोझरी चालू ठेवली. वसईचा गोन्सालो गार्सिया तर 1597 मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मेला आणि 1862 मध्ये संत झाला. त्याच्या सणाला मी लहानपणापासून जात होते. तो आपल्यासारखा वसईतून दूर गेलेला तरुण होता, हे मात्र पुण्यात असताना पहिल्यांदा जाणवलं. हे सगळं मी त्या मुलाला शांतपणे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. पुढे आम्ही चांगले मित्र झालो.

दुसरा प्रश्न विज्ञानाचा. "बिग बँग मानतेस की बायबल?" इंजिनीअरिंगच्या वर्गात हा यायचाच. विश्व प्रसरण पावतंय हे 1927 मध्ये मांडणारा आणि पुढे विश्वाची सुरुवात एका आदिम अणूपासून झाली असं सुचवणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथोलिक धर्मगुरू होता. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठातला संन्यासी. ही नावं मला आधी माहीत असायला हवी होती असं मला वाटतं, आणि आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात ती सांगायला हवीत असंही. थर्मोडायनॅमिक्ससाठी आम्ही जाडजूड पुस्तकं पालथी घालतो आणि श्रद्धेच्या बाबतीत मात्र आठवीत शिकलेल्यावर आयुष्य काढायला निघतो. विसाव्या वर्षी पडणारे प्रश्न विसाव्या वर्षाच्या अभ्यासानेच सुटतात. मी चर्चच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणायला लागले आणि जे कळलं नाही त्याची यादी करून फादरांकडे न्यायला लागले. फादर कधीही चिडले नाहीत. उलट म्हणायचे, "पुढच्या वेळी अजून अवघड आण."

कॉलेजमध्ये एका ताईने मला तिच्या प्रार्थनासभेला बोलावलं. ती कॅथोलिक नव्हती. मी बरेचदा गेले. तिथली मुलं बायबल अक्षरशः जगायची. रोज सकाळी एक अध्याय वाचायची सवय मला त्यांच्यामुळेच लागली आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण हळूहळू मला सांगण्यात येऊ लागलं की मरियामातेची प्रार्थना सोड, कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) सोड, मिस्सा हा नुसता विधी आहे. मी गोंधळले. तेव्हा फादरांनी मला बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय सावकाश वाचायला सांगितला. माझा देह खा, माझं रक्त प्या, असं येशू म्हणतो तेव्हा पुष्कळ शिष्य त्याला सोडून जातात आणि तो त्यांना परत बोलावून "मी नुसतं उपमेने बोललो" असं म्हणत नाही. आपल्या बारा मुख्य शिष्यांना विचारतो, तुम्हीही जाणार का? त्यांच्यातला पेत्र म्हणतो, प्रभू, आम्ही कुणाकडे जाणार? मी तो अध्याय हॉस्टेलच्या गच्चीवर बसून पुन्हा पुन्हा वाचला. त्यानंतर मिस्सेत ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायला रांगेत उभी राहिले की पेत्राचं ते वाक्य मनात म्हणायचे. ताईशी मैत्री आजही आहे.

राखेच्या बुधवारची गोष्ट सांगायलाच हवी. चर्चच्या नियमाप्रमाणे मांस वर्ज्य करणं चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून असतं, पण उपवास बंधनकारक होतो तो अठरा पूर्ण झाल्यावर. म्हणजे माझ्यासाठी बरोबर कॉलेजच्या पहिल्या वर्षी. सकाळच्या मिस्सेला जाऊन, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन मी तशीच लॅबमध्ये गेले. आमच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, कपाळाला काहीतरी लागलंय." पुसून टाकणं सोपं होतं. मी सांगितलं, "मॅडम, आजपासून आमचा उपवासकाळ सुरू होतो. माणूस माती आहे आणि मातीला मिळणार, याची ही खूण." मॅडम क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे विभूती लावतात." एवढंच. माझ्या पोटात उगाच गोळा आला होता. मेसमध्ये चिकन शुक्रवारी असायचं आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी आम्हाला मांस वर्ज्य, त्यामुळे माझ्या ताटातलं चिकन पनीरच्या भाजीवर बदलून घ्यायला रांग लागे. पुढच्या वर्षी मेसच्या मावशी स्वतःच विचारायच्या, "तुझे शुक्रवार सुरू झाले का गं?"

सगळ्यात अवघड काळ आला तो दुसऱ्या वर्षात. माझ्या यवतमाळच्या रूममेटचे वडील अचानक गेले. कमावते तेच होते. ती गावाहून परत आली, दोन दिवस काही बोलली नाही आणि तिसऱ्या रात्री म्हणाली, "तू रोज प्रार्थना करतेस. माझ्या बाबांसाठीपण केली होतीस ना? मग?" मी केली होती. माझ्याकडे काहीच उत्तर नव्हतं. मी तिचा हात धरून बसले. पण तो प्रश्न माझ्या आत शिरला आणि पुढचे कित्येक आठवडे प्रार्थना म्हणजे कोरडे शब्द झाले. मिस्सेला जात होते, गात होते, आत काही हलत नव्हतं.

तशात कन्फेशनला गेले आणि ओळखीच्या त्या फादरांना सगळं सांगितलं. देवावर रागावलेय हेसुद्धा. मला वाटलं होतं ते समजूत घालतील. त्यांनी विचारलं, "येशूने क्रुसावर काय म्हटलं?" माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. "ती प्रार्थनाच आहे," ते म्हणाले, "बायबलमधल्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. तुला दुसरं काही म्हणवत नसेल तर तेच म्हण. पण त्याच्याशी बोलणं थांबवू नकोस." मग विचारलं, "झोपतेस किती वाजता?" दोन वाजता, मी म्हटलं. "प्रार्थना अंथरुणात पडून करतेस?" हो. "उद्यापासून जेवण झाल्यावर, खुर्चीत बसून, दहा मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत." इतका साधा सल्ला! पण माझ्या प्रार्थनेला पुन्हा आधार मिळाला तो त्या खुर्चीने. मन लागलं नाही तरी दहा मिनिटं बसायचं. काही दिवस फक्त ती एक ओळ. हळूहळू बाकीचं स्तोत्र आलं. ते दुःखातून स्तुतीकडे कसं जातं हे तेव्हा दिसलं. रूममेटला मी काही समजावलं नाही. तिच्या बाबांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मी त्यांच्या नावाने मिस्सा करायला चर्चमध्ये सांगितलं, आणि तिला विचारून सांगितलं. ती माझ्याबरोबर आली आणि शेवटपर्यंत बसली.

तिसऱ्या वर्षी मी चर्चमधल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत जाऊ लागले. ही संस्था सुरू केली तीच विद्यार्थ्यांनी, 1833 मध्ये पॅरिसमध्ये. फ्रेडरिक ओझानाम तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता. तुमचा धर्म आज गरिबांसाठी काय करतो, असं इतर विद्यार्थ्यांनी टोचून विचारलं आणि त्याने मित्रांना घेऊन गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. आम्ही दोघी-तिघी एका आजींकडे जायचो. एका खोलीत एकट्या, मोतीबिंदू, मुलगा बेपत्ता. डोळ्यांत थेंब घालायचे, सिलिंडर नोंदवायचा, संजय गांधी निराधार योजनेचा फॉर्म भरायचा. उत्पन्नाचा दाखला मिळवायला तहसील कार्यालयात हेलपाटे घालताना मी जेवढी रोझरी म्हटली असेल तेवढी गावातही म्हटली नव्हती. पैसे खात्यात जमा झाले त्या दिवशी आजींनी आम्हाला पोहे केले, हळद जास्त पडलेली. विठ्ठलाच्या फोटोला हात जोडून म्हणाल्या, "माझ्या ह्या पोरी." देवाबद्दल मला पडलेल्या प्रश्नांचं उत्तर तिथे मिळालं असं मी म्हणणार नाही, पण तो कुठे भेटतो ते कळलं.

इंजिनीअरिंगच्या मुलामुलींसाठी अजून एक नाव सांगते, पियेर जॉर्जो फ्रासाती. इटलीत तुरीन इथे मायनिंग इंजिनीअरिंग शिकणारा, डोंगर चढणारा, मित्रांमध्ये रमणारा आणि याच सोसायटीतून गरिबांच्या घरी जाणारा. 1925 मध्ये चोविसाव्या वर्षी पोलिओने गेला. 7 सप्टेंबर 2025 ला पोप लिओंनी त्याला संत म्हणून घोषित केलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मेणबत्ती लावून मार्क मागणाऱ्यांनी त्याचं चरित्र जरूर वाचावं. प्रार्थनेने न केलेला अभ्यास भरून निघत नाही, आणि देवाशी असा सौदा केला की नापास झाल्यावर पहिला राग त्याच्यावरच निघतो. मी परीक्षेआधी एवढंच मागायचे की केलेलं आठवू दे आणि कॉपी करायचा मोह नको.

माझा मावसभाऊ आता नागपूरला जातोय. मावशीने त्याच्या बॅगेत जपमाळ ठेवलीच आहे. मी त्याला मराठी नवा करार दिला आणि त्याच्या कॉलेजजवळच्या दोन चर्चच्या ऑफिसना त्याच्याकडूनच फोन करवून घेतला. एका ठिकाणी शनिवारी संध्याकाळी मिस्सा आहे. गिटार बरी वाजवतो, त्यामुळे क्वायरचं त्याला आधीच विचारून ठेवलंय. पहिल्या शनिवारी सराव साडेपाचला आहे.