पायमोडका 'न'

"सेन्सेइ, 'ळ' आला की आपण 'ल' घेतो ना? मग इथे साधा 'न' का नाही घ्यायचा?"

जपानीच्या वर्गात एका मुलाने मला, म्हणजे त्यांच्या 'सेन्सेइ'ला, बाईंना, वकिली थाटात विचारलं. प्रश्न रास्त होता. गाण्याच्या भेंड्या खेळणाऱ्या प्रत्येक घरात हा करार असतोच: 'ळ' आला तर 'ल', 'ण' आला तर 'न'. नाहीतर रात्रभर भेंड्या चढवत बसावं लागेल.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर मी लहान मुलांना जपानी शिकवते. दर शनिवारी अकरा जणं, आठ ते दहा वर्षांची. जवळच पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेवर बेतलेलं. बहुतेकांचा जपानशी संबंध त्या बागेतल्या सहलीपुरताच. पण हिरागाना या जपानी लिपीची 46 अक्षरं आपल्या मुलांना जड जात नाहीत. अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम मुळात आपल्याच वर्णमालेचा. संस्कृत शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंमार्फत तो तिकडे गेला. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून मी पत्त्यांचा जोड केला आहे. मागच्या बाजूला गणपती आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून', पुढे हिरागाना. चित्रांसाठी 'इरासुतोया' नावाची जपानी साइट आहे, तिथे वाट्टेल त्याचं चित्र फुकट मिळतं. एकाने अक्षर म्हणायचं, बाकीच्यांनी पत्त्यावर झडप घालायची, हा 'कारुता'. यात हात ओरबाडले जातात, पण अक्षरं पक्की होतात.

पक्का होत नव्हता तो शब्दाचा शेवट. 'होन' म्हणजे पुस्तक, 'होने' म्हणजे हाड. माझ्या वर्गातली मुलं महिनाभर आनंदाने हाडं वाचत होती.

म्हणून त्या शनिवारी शिरितोरी नावाचा खेळ काढला. 'शिरि' म्हणजे मागचा भाग, 'तोरि' म्हणजे पकडणं. आपल्या भेंड्याच, फक्त गाण्यांऐवजी नामं. 'नेको' म्हटलं की पुढच्याने 'को'पासून: 'कोदोमो'. मांजरामागून मूल. नियम एकच कडक. जपानीत एक सुटा 'न' आहे, आपल्या भाषेत पायमोडका. त्याने कुठलाही जपानी शब्द सुरू होत नाही, त्यामुळे तो ज्याच्या शब्दाच्या शेवटी आला तो बाद.

त्यावर तो 'ळ'चा प्रश्न आला, आणि मी कच खाल्ली. मुलांना येणारे शब्द शे-दीडशे, त्यांतले कितीतरी या 'न'वर संपणारे. सगळी पाच मिनिटांत बाद झाली तर? "बरं, घ्या 'न'," म्हणाले.

खेळ मेला. 'न' आला की 'नेको', मग 'कोदोमो', मग 'मोरि', मग 'रिंगो'. तेच गुऱ्हाळ. कोणी हरत नव्हतं, त्यामुळे कोणी ऐकतही नव्हतं. दोघांनी फळ्यावरची लोहचुंबकं काढून त्यांची गाडी केली.

तेव्हा दोन वेण्यांची, एरवी चित्रं रंगवण्यातच गुंग असणारी मुलगी म्हणाली, "सेन्सेइ, जपानमधली मुलं पण असंच खेळतात?"

"नाही. तिथे बाद."

"मग आम्हालाच का सोडताय?"

तिच्या आवाजात अपमान होता. मी नियम परत आणला.

पहिल्या तीन मिनिटांत चौघं बाद. सिंह, म्हणजे 'राइओन'. जिराफ, 'किरिन'. संत्र्यासारखा 'मिकान'. चौथा 'पान' म्हणून गेला. 'पान' म्हणजे तिकडचा पाव. आपला पाव आणि त्यांचा पान, दोन्ही पोर्तुगिजांनी दिलेले, हे ऐकून त्याचं थोडं समाधान झालं. पण बाद तो बादच.

मग वर्ग शांत झाला. मुलं शब्द आधी ओठांतल्या ओठांत शेवटपर्यंत म्हणून बघायला लागली. एकीने 'हो' पासून 'होन' म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "होने!" महिनाभर घोकून जे झालं नाही ते एका हाडाने केलं.

दुसऱ्या डावात पोरं चढेल झाली. दोन वेण्यांच्या मुलीच्या लक्षात आलं की 'रु'ने सुरू होणारा शब्द कोणालाच येत नाही. तिने शेजाऱ्याला 'सारु' दिला. माकड. तो बाद. पुढच्या फेरीत 'हारु', वसंत. आणखी एक बाद. मी शिकवलेले ऋतू आणि प्राणी ती दारूगोळ्यासारखे वापरत होती. तिसऱ्यांदा 'योरु', रात्र, आणि पाळी आली 'ळ'वाल्या वकिलाची.

तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "टॉवेलचं 'ताओरु' होतं. हॉटेलचं 'होतेरु'. बॉलचं 'बोरु'. हो ना?"

"हो."

"मग रूलचं... 'रूरु'?"

माझ्या अंगावर काटा आला. हा शब्द मी वर्गात कधीच उच्चारला नव्हता. जपानीत नियमाला खरंच 'रूरु' म्हणतात, आणि शिरितोरीत 'रु'च्या माऱ्याला ते मुरलेल्या खेळाडूंचं उत्तर आहे, कारण 'रु' तसाच पुढच्याच्या गळ्यात पडतो. तीन शब्दांवरून त्याने रीत ओळखली आणि चौथा स्वतः घडवला.

पुढची पाळी माझी होती. 'रुसु' म्हणून सुटले. घरी कोणी नसणं. दाराबाहेर पालक घड्याळ बघत उभे होते, एकीने आत डोकावून वही कोरीच कशी म्हणून विचारलं. तिला हातानेच थांबायला सांगितलं.

शेवटच्या फेरीत दोन वेण्यांच्या मुलीने 'कानि' म्हटलं. खेकडा. 'नि' माझ्याकडे आला. पंधरा वर्षं ही भाषा शिकवतेय, विचार करायची गरजच नव्हती. तोंडातून निघून गेलं, "निहोन."

जपानचं जपानी नाव.

क्षणभर शांतता. मग कोणीतरी खुदकन हसलं. मी म्हटलं, "अरे, 'न' घेऊ या का? आपण मघाशी..."

"दामे!" वर्ग गरजला. चालणार नाही. सगळ्यात मोठा आवाज 'ळ'वाल्या वकिलाचा होता.