क्रेऑन खरोखरच हट्टी होता का?

शोकांतिकेतल्या पात्राचा विचार करताना आपण बहुतेक वेळा एका शब्दाच्या शोधात निघतो. मॅकबेथची महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लोचा मत्सर, आणि प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’मधल्या क्रेऑनचा हट्ट. हे शब्द चुकीचे नाहीत, पण ते एकदा हाती लागले की वाचक नाटकातल्या ओळींकडे बारकाईने पाहणे थांबवतो. क्रेऑनच्या बाबतीत हे नुकसान फार मोठे आहे, कारण नाटकाला नाव अँटिगनीचे असले तरी सर्वांत अधिक ओळी त्याच्या तोंडी आहेत, आणि अँटिगनी अखेरचे बोलून रंगमंचावरून निघून जाते तेव्हा नाटकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा उरलेला असतो. तो सगळा क्रेऑनचा आहे.

कथा बहुतेकांना ठाऊक असते. ईडिपसचे दोन मुलगे, एटिओक्लीज आणि पॉलिनायकीज, थीब्ज नगरीच्या सत्तेसाठी लढतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. त्यांचा मामा क्रेऑन राजा होतो आणि फर्मान काढतो की नगरीचे रक्षण करणाऱ्या एटिओक्लीजला सन्मानाने पुरावे, तर परकी सैन्य घेऊन चालून आलेल्या पॉलिनायकीजचे प्रेत उघड्यावर कुत्र्यांसाठी आणि गिधाडांसाठी पडू द्यावे. त्यांची बहीण अँटिगनी ते फर्मान मोडते.

क्रेऑनचे पहिले भाषण पूर्वग्रह न ठेवता वाचले, तर ते एका जबाबदार राज्यकर्त्याचे भाषण वाटते. सत्ता हाती येऊन कसोटी लागल्याखेरीज माणसाची वृत्ती आणि बुद्धी कळत नाही, आणि जो आप्ताला देशापेक्षा मोठा मानतो त्याला मी कवडीमोल समजतो, असे तो सांगतो. हे नाटक इ.स.पूर्व ४४१च्या सुमाराचे. पुढे जवळजवळ एका शतकाने, इ.स.पूर्व ३४३मध्ये, अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीज याने एका राजकीय खटल्यात याच ओळी देशनिष्ठेचा आदर्श म्हणून न्यायसभेपुढे वाचायला लावल्या, आणि आपला प्रतिस्पर्धी ईस्किनीज हा पूर्वी रंगभूमीवर क्रेऑनची भूमिका करत असे, याची आठवणही सर्वांना करून दिली. देशद्रोह्याला अ‍ॅटिका या अथेन्सच्या भूप्रदेशाच्या मातीत पुरू नये, असा अथेन्सचा स्वतःचाही कायदा होता. म्हणजे पहिल्या प्रेक्षकांना क्रेऑन आल्या आल्या खलनायक वाटला असेल, असे मानायला आधार नाही. प्रेत नगरीच्या सीमेबाहेर टाकणे वेगळे आणि कुणालाही कुठेही पुरू न देणे वेगळे. त्याची मर्यादा इथे सुटते, आणि तरीही ती एका ओळखीच्या विचाराच्या टोकाला सुटते.

आता हट्टाकडे वळू. हट्टी माणूस आपल्या शब्दापासून हलत नाही. क्रेऑन मात्र नाटकभर हलतो. फर्मान मोडणाऱ्याला भर नगरीत दगडांनी ठेचून मारले जाईल, अशी शिक्षा आरंभी सांगितलेली आहे. प्रत्यक्षात तो अँटिगनीला गुहेत कोंडायचे ठरवतो आणि नगरीला पातक लागू नये एवढेच अन्न तिच्याबरोबर ठेवतो. तिची बहीण इस्मिनी हिलाही तो आधी दोषी ठरवतो, आणि कोरसने, म्हणजे थीब्जच्या वृद्ध नागरिकांच्या समूहाने, एक प्रश्न विचारताच तिला सोडून देतो. जो माणूस इतक्या सहज आपला शब्द फिरवतो, त्याला मी हट्टी म्हणू शकत नाही. मला तो घाबरलेला दिसतो. वेढा घालून बसलेले सैन्य आदल्या रात्री पळालेले आहे, नाटक पहाटे सुरू होते, आणि याच्या राज्याला एक दिवसही झालेला नाही. म्हणूनच त्याला सगळीकडे कट दिसतो. प्रेतावर कुणीतरी माती टाकली, ही बातमी घेऊन पहारेकरी येतो, तेव्हा क्रेऑनला पहिला संशय येतो तो कुणीतरी पैसे चारल्याचा. पुढे वृद्ध द्रष्टा टायरेसिअस त्याला सावध करायला येतो, तेव्हाही हाच आरोप. आणि समोर अँटिगनी उभी असताना तो म्हणतो की ही सुटली तर पुरुष मी नव्हे, ही ठरेल. राजनीतीचे तत्त्व सांगणाऱ्या माणसाच्या तोंडून असे वाक्य निघते, तेव्हा त्या तत्त्वाखाली काय दडले आहे ते कळते.

हेमॉनचा प्रवेश मी या नाटकातला सर्वांत सुंदर प्रवेश मानतो. तो क्रेऑनचा मुलगा आणि अँटिगनीचा वाग्दत्त वर. तरी तो प्रेमाविषयी अवाक्षर काढत नाही. मी तुमचाच आहे, अशी सुरुवात करून तो वडिलांना ते ऐकवतो जे त्यांच्या कानापर्यंत पोहोचू शकत नाही: राजाच्या नजरेला घाबरणारे लोक अंधारात त्या मुलीसाठी हळहळत आहेत. पुराच्या पाण्यात वाकणारी झाडे टिकतात आणि ताठ उभी राहणारी मुळासकट जातात, हेही तो अत्यंत आदराने सांगतो. क्रेऑनला यातला आदर ऐकूच येत नाही. त्याला फक्त मुलाचे वय ऐकू येते. मी कसे राज्य करावे हे नगरीने मला सांगायचे का, असे तो विचारतो, आणि ओसाड भूमीवर तुम्ही एकटे छान राज्य कराल, हे मुलाचे उत्तर त्याला झोंबते. इथे त्याला सुटण्याची खरी संधी होती, कारण समोरचा माणूस त्याचे हितच पाहत होता.

टायरेसिअसच्या भविष्यवाणीनंतर तो अखेर नमतो, आणि इथे सोफोक्लीजने एक तपशील असा ठेवला आहे की ज्यावरून मला हे पात्र सर्वांत अधिक उलगडले. कोरस त्याला सांगते: जा, मुलीला गुहेतून सोडव आणि उघड्यावर पडलेल्याला थडगे दे. मीच तिला बांधले, मीच सोडवीन, असे म्हणून तो धावत निघतो. पण दूत येऊन सांगतो त्यात क्रम उलटा आहे. आधी पॉलिनायकीजचे उरलेसुरले देह-अवशेष धुतले गेले, दहन झाले, उंच माती रचली गेली. त्यानंतर सगळे गुहेकडे वळले. तोवर अँटिगनीने गळफास घेतला होता. हा केवळ कथानकाच्या सोयीसाठी केलेला उशीर आहे, असे काही जण म्हणतील. मला ते पटत नाही. देवांचा कोप प्रेतामुळे झाला होता, आणि पश्चात्तापाच्या क्षणीही क्रेऑन आधी नगरीवरचे संकट निवारतो, मग माणसाकडे जातो. पहिल्या भाषणात त्याने हाच क्रम सांगितला होता.

गुहेत हेमॉन बापावर तलवार उगारतो, वार चुकतो, आणि तीच तलवार तो स्वतःच्या देहात खुपसतो. जाणूनबुजून कृत्य करायला निघावे आणि ते न करावे, हा प्रकार अ‍ॅरिस्टॉटलने शोकांतिकेसाठी सर्वांत निकृष्ट मानला आणि उदाहरण नेमके याच प्रसंगाचे दिले. तो वार हेमॉनच्या बाजूने मोजला, तर अ‍ॅरिस्टॉटलचे म्हणणे समजते. क्रेऑनच्या बाजूने पाहिले, तर तो वार वाया गेलेला नाही: आपल्या मुलाच्या डोळ्यांत आपण काय झालो आहोत, हे पाहूनच त्याला पुढे जगायचे आहे.

राणी युरिडिसी मुलाच्या मृत्यूची वार्ता ऐकून एक शब्दही न बोलता आत जाते, आणि पतीला शाप देत वेदीपाशी प्राण सोडते. तेव्हा क्रेऑन म्हणतो की हा दोष माझ्यावरून काढून दुसऱ्या कोणाही माणसावर ठेवता येणार नाही. नाटकभर प्रत्येक घटनेमागे दुसऱ्या कुणाचा तरी हात शोधणाऱ्या या माणसाकडे त्या क्षणी कुणीही कबुली मागितलेली नाही; समोर उभ्या सेवकाने राणीचे शब्द तेवढे सांगितले आहेत. बाकीचे तो स्वतः, कुणी भाग न पाडता, उच्चारतो.